जमिनीपासून अठरा इंच

दवाखान्यातून घरी आले त्याच्या तिसऱ्या दिवशी एक मुलगी टेप घेऊन आली. शिंप्याच्या गळ्यात असते तसली. तिनं माझी नाडी पाहिली नाही, टाके पाहिले नाहीत, गोळ्यांच्या डब्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. चपला दाराशी काढल्या आणि सरळ पलंगाची उंची मोजली. मग सोफ्याची, कमोडची, बाथरूमच्या उंबऱ्याची. शेवटी मला खुर्चीत बसवून जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत टेप धरली.

"साडेपंधरा," ती स्वतःशीच पुटपुटली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, अठरा इंचांच्या खाली कशावरही बसायचं नाही. तीन महिने तरी."

"आजी नको, बाई म्हण," मी म्हटलं. चौतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत इतिहास शिकवला. लालबाग-परळमध्ये भाजीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळे मला बाईच म्हणतात. एक नवा सांधा बसला म्हणून आजी व्हायची माझी तयारी नव्हती.

उजवा खुबा. सहा वर्षं दुखला. शेवटी शेवटी तर रस्ता ओलांडताना सिग्नलचा हिरवा दिवा मला पुरेना. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तो काढून नवा बसवला. शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, मला गुंगी दिली होती. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी केली, चौथ्या दिवशी घरी धाडली आणि सोबत एक इंग्रजी पत्रक दिलं. त्यात चित्रं होती. बाथटबमध्ये कसं उतरावं, गुडघ्यापर्यंतचे मोजे कसे चढवावेत, गोल्फ कधीपासून खेळावं. आंघोळीला कशावर बसायचं, साडीची कड कशी सारखी करायची, देवापुढे दिवा कसा लावायचा, याचं चित्र एकही नव्हतं. मी ते पत्रक लाल पेननं तपासलं असतं तर दहापैकी दोन गुण दिले असते, तेही कागद चांगला होता म्हणून.

"तू नर्स का ग?" मी त्या मुलीला विचारलं.

"नाही. मी ओटी."

आता मराठी माणसानं काय समजायचं? ओटी भरतात. कोकणातल्या घराला ओटी असते. दवाखान्यात ज्या खोलीत नेतात आणि बाहेर लाल दिवा लागतो, तीही ओटीच. ही चौथी ओटी मला नवीन होती. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मराठीत त्यांना व्यवसायोपचारक म्हणतात. शब्द असा की ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई आता नोकरी लावून देणार.

"फिजिओ येतात ते पायाकडे बघतात," ती म्हणाली, "त्या पायानं तुम्हाला दिवसभर काय काय करायचंय, ते मला हवंय. सकाळी डोळे उघडल्यापासून सांगा."

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. पान भरत आलं तसं माझ्याच लक्षात यायला लागलं की देवपूजा, भाजी निवडणं, विळीवर चिरणं, पीठ मळणं, आंघोळ, फरशी पुसणं, दुपारी वर्तमानपत्र पसरून वाचणं, हे सगळं मी अजून खालीच बसून करत होते. घरात सोफा होता, डायनिंग टेबल होतं. टेबलावर इस्त्रीचे कपडे असत.

लहानपणी आमचं सगळंच जमिनीवर होतं. लालबागच्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली आणि माणसं सात. लाकडी सामान म्हणाल तर एक मांडणी. लोखंडी खाट होती, ती बाबांची, कारण त्यांना रातपाळी करून आल्यावर दिवसा झोपावं लागे आणि आम्हा पोरांचे पाय लागू नयेत म्हणून त्यांना वर ठेवलेलं. बाकी सगळी खाली. आई गोधडीवरून उठायची, उकिडवी बसून स्टो पेटवायची, विळीवर बसायची, पाट्यावर वाटायची, मोरीत भांडी घासायची, सगळ्यांची पानं वाढून शेवटी स्वतः बसायची. मी तेव्हा कधी मोजलं नाही, पण आज हिशेब करते तर दिवसातून पन्नासेक वेळा तरी ती जमिनीवरून उठत असेल, हात न टेकता. पुढे चाळीत गॅस आला आणि उभ्याचा ओटा आला. आईनं पहिले काही महिने "उभ्यानं का कुणी रांधतं" म्हणून नाक मुरडलं आणि भाजी मात्र खाली बसूनच चिरली.

संडास व्हरांड्याच्या टोकाला, मजल्यावरच्या वीस खोल्यांना चार. हातात टमरेल घेऊन रांग. आत दोन पायऱ्या आणि धरायला काही नाही. आमच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांचं नाव आम्हाला माहीत नव्हतं, सगळे त्यांना मोठी आई म्हणत. त्या व्हरांड्यात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हाडवैद्य आला. हाताचं मनगट, घोटा, कोपर यांत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कोंबडीच्या अंड्याचा बलक, लेप आणि बांबूच्या कामट्या लावून त्यानं अर्ध्या चाळीची हाडं जुळवली होती. पण खुब्यापाशी तो थांबला. तिथे कामटी बांधायला जागाच नाही. मोठी आई खाटेला खिळल्या. त्यांना सगळ्यात लाज कशाची वाटायची, तर सुनेला भांडं उचलावं लागतं याची. त्या मेल्या तेव्हा मी पाचवीत होते. मोडलेल्या हाडानं माणूस का मरतं, ते मला कळलं नव्हतं.

पलंगावर पडून मी आता कृत्रिम खुब्याचा इतिहास वाचला. बाई आहे, सवय जात नाही.

१८९०च्या सुमाराला बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लीज ग्लुक नावाच्या सर्जननं हस्तिदंताचे सांधे करून माणसांना बसवले. ते क्षयानं खाल्लेल्या सांध्यांच्या जागी बसवले, त्यामुळे आत पू होऊन ते निकामी झाले. मग १९२३मध्ये बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसननी काचेची वाटी बसवून पाहिली. काचच ती, फुटली. १९४६मध्ये पॅरिसच्या ज्यूदे बंधूंनी ॲक्रिलिकचा गोळा बसवला. तो झिजायचा आणि कधी कधी वाजायचा. इंग्लंडमध्ये अशा एका रुग्णाच्या बायकोला नवऱ्याच्या खुब्याची करकर सहन होईना. हे गाऱ्हाणं जॉन चार्न्ली नावाच्या मँचेस्टरच्या सर्जनपर्यंत पोचलं आणि त्याच्या डोक्यात घर्षणाचा किडा शिरला. नवरा-बायकोच्या कटकटीतून इतकं उपयोगाचं काही निघाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

या चार्न्लीनं रायटिंग्टन इथल्या जुन्या क्षयरुग्णालयात आपलं बस्तान बसवलं. धातूचा छोटा गोळा आणि त्याला गुळगुळीत वाटी, ही त्याची कल्पना. वाटी त्यानं टेफ्लॉनची केली, तव्याला असतं तेच. १९५८पासून सुमारे तीनशे माणसांना बसवली. माणसं काठ्या टाकून चालू लागली, सगळीकडे आनंदीआनंद. आणि दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजून त्याचा भुगा सांध्यात साठायला लागला. चार्न्लीनं तोच भुगा स्वतःच्या मांडीत टोचून घेतला आणि काय होतं ते पाहिलं. मांडीत गाठी आल्या. मग आपणच बसवलेले खुबे आपल्याच हातानं परत काढायचं काम त्यानं केलं. वर्गात मी मुलांना पानिपत शिकवायचे तेव्हा सांगायचे की हरल्यानंतरची दहा वर्षं बघा, माधवराव बघा. चार्न्ली मला त्या जातीचा वाटला.

१९६२च्या मे महिन्यात एक विक्रेता प्लास्टिकचा एक तुकडा घेऊन आला. गिरणीतल्या मागांच्या दातेरी चक्रांसाठी वापरत असत ते पॉलिथिलीन. चार्न्लीनं नखानं खरवडून बघितलं आणि नको म्हणाला. पण त्याच्या कार्यशाळेतल्या हॅरी क्रेव्हन या कारागिरानं साहेबांना न विचारता तो तुकडा झिजवायच्या यंत्रावर लावून ठेवला. तीन आठवडे यंत्र रात्रंदिवस चाललं, आणि टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजे तितकंही ते झिजलं नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याची वाटी पहिल्यांदा माणसाला बसली. माझ्या बाबांनी तीस वर्षं मागावर काढली आणि माझ्या खुब्यातल्या प्लास्टिकचा पूर्वज मागाचा सुटा भाग, हे वाचल्यावर मी थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवलं.

आणखी एक माणूस मला इथे सोडवत नाही. ब्रह्मदेशात, मंडालेमध्ये, डॉ. सान बॉ. परदेशी धातूचे खुबे परवडत नाहीत आणि देशात हस्तिदंत मिळतो, म्हणून त्यांनी १९६०पासून हस्तिदंताचे खुबे कोरून घेतले. पहिला बसवला तो त्र्याऐंशी वर्षांच्या एका बौद्ध भिक्षुणीला. पुढच्या वीसेक वर्षांत तीनशेहून जास्त. त्यांनी आपल्या रुग्णांचं यश कशात मोजलं, तर ते चालतात, सायकल चालवतात आणि उकिडवे बसतात. इंग्लंडमध्ये हा तिसरा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. कशाला विचारतील?

आपल्याकडे मुंबईत खुबेरोपणाचा पाया घालणाऱ्यांत डॉ. के. टी. ढोलकिया यांचं नाव घेतात. पण घराघरात हा विषय शिरला तो मात्र वाजपेयींमुळे. ऑक्टोबर २०००मध्ये ब्रीच कँडीत त्यांचा डावा गुडघा बदलला, पुढच्या जूनमध्ये उजवा. डॉ. चित्तरंजन रानावत त्यासाठी न्यूयॉर्कहून आले. आमच्या स्टाफरूममध्ये पेपर उघडला की रोज गुडघ्याचीच आकृती. त्यानंतर "गुडघे बदलून घेतले" हे वाक्य लोक "पडदे बदलून घेतले" इतक्या सहज बोलू लागले.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट पुस्तकं ओझरती सांगतात. चार्न्लीचे रुग्ण कित्येक आठवडे रुग्णालयातच असत. अंथरुणातून उठणं, पायऱ्या चढणं, कपडे घालणं, सगळं तिथे नर्सांच्या देखरेखीखाली होऊन मग घरी. मला चौथ्या दिवशी धाडलं. आणखी तरुण असते तर दुसऱ्याच दिवशी. तंत्र सुधारलं, भूल सुधारली, हे खरंच. पण जे काम आधी वॉर्डात व्हायचं ते नाहीसं झालं नाही, ते गुपचूप घरी येऊन पडलं. घरी म्हणजे कुणाकडे, ते सांगायला नको. माझ्या सुनेनं बँकेतून पंधरा दिवसांची रजा काढली होती.

आणि म्हणून ती टेपवाली मुलगी.

"तुमचं हे शिक्षण निघालं कुठून?" मी तिला विचारलं. इतिहासाच्या बाईला तिनं भलतंच उत्तर दिलं: "इथूनच. तुमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर."

केईएम. १९२६मध्ये उघडलेलं हे रुग्णालय आणि त्याला जोडलेलं सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज, दोन्ही परळला. देणगीची अट अशी होती की शिकवणारे डॉक्टर सगळे हिंदी असावेत. गोऱ्यांच्या राज्यात ही अट घालायला छाती लागते. एवढं मी वर्गात सांगायचे. १९५०मध्ये याच केईएममध्ये देशातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा निघाली, हे मात्र मी कधी सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. ती काढणाऱ्या बाईंचं नाव कमला निंबकर.

मूळच्या त्या एलिझाबेथ लंडी, अमेरिकेतल्या क्वेकर घरातल्या. १९३०मध्ये विष्णू निंबकरांशी लग्न करून मुंबईत आल्या आणि कमला झाल्या. चाळिशी ओलांडल्यावर अमेरिकेत परत जाऊन त्यांनी हे शास्त्र शिकून घेतलं. चाळिशीनंतर पुन्हा विद्यार्थिनी होणं काय असतं ते मला ठाऊक आहे, मी बी.एड. तेव्हाच केलं. शाळा निघाल्यावर दोनच वर्षांत, १९५२मध्ये, देशातल्या व्यवसायोपचारकांची संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी जगातल्या दहा देशांनी मिळून जागतिक महासंघ काढला त्या दहांत भारत होता. फलटणला कमलाबाईंच्या नावाची शाळा आहे. त्यांच्या सूनबाई जाई निंबकर म्हणजे इरावतीबाई कर्व्यांची मुलगी. मराठी माणसाला नातं कळल्याशिवाय माणूस कळत नाही, म्हणून सांगितलं.

हे शास्त्रच तेव्हा फार जुनं नव्हतं. १९१७च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावी जॉर्ज बार्टन याच्या घरी पाच-सहा माणसं जमली आणि त्यांनी पहिली संस्था काढली. बार्टन डॉक्टर नव्हता, वास्तुविशारद होता. त्याला क्षय झाला होता, पायाचा भाग कापावा लागला होता, डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. घरामागच्या बागेत आणि सुतारकामाच्या खोलीत काम करत करत त्यानं स्वतःला उभं केलं. घराची मापं काढणाऱ्या माणसानं ही विद्या सुरू केली हे कळल्यावर त्या मुलीची टेप मला निराळी दिसू लागली.

सुरुवातीला या उपचारात विणकाम, टोपल्या, सुतारकाम यांवर भर असे. ते मी पाहिलेलं आहे. आमच्या चाळीत एक काका होते, त्यांचा उजवा हात गिरणीत पट्ट्यात सापडला. केईएममध्ये त्यांना रोज एका खोलीत बसवून छोट्या हातमागावर पट्टी विणायला लावत. काका घरी येऊन चिडायचे, "गिरणीत माग, इथे पण माग! माझा पगार कोण देणार?" आम्ही हसायचो. बोटं त्या धाग्यांमुळेच उघडत होती हे कुणी आम्हाला सांगितलं नाही, काकांनाही नसावं सांगितलं. दिवाळीत मात्र त्यांनी पोराच्या सदऱ्याची बटणं स्वतः लावली.

आता माझी बटणं.

खुबा बदलल्यावर नियम तीन. कंबरेतून काटकोनाच्या पुढे वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही. नाही तर गोळा वाटीतून निसटू शकतो. कागदावर सोपं. पण सकाळी पलंगावर बसल्यावर आपली पावलं किती लांब असतात ते कळतं. गाऊन डोक्यावरून येतो, परकरही येतो. निकर येत नाही. इतके दिवस सून खाली गुडघे टेकून माझ्या पायात ती घालत होती आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. दोघीही त्या वेळी हवापाण्याचं बोलायचो. मोठी आई मला रोज आठवायच्या.

त्या मुलीनं घरात नजर फिरवली आणि विचारलं, "चाळीतली कपडे वाळत घालायची काठी आहे का हो?" वलणीची काठी! फ्लॅटमध्ये आलो तरी मी ती टाकली नव्हती. तिनं ती अर्धी कापवली, टोकाला पडद्याचा हूक स्क्रूनं बसवला. मग मला पलंगाच्या कडेला बसवलं, उजवा पाय किंचित पुढे. निकरीची कंबर हुकात अडकवायची, काठी खाली सोडायची आणि आधी दुखरा पाय त्या भोकात घालायचा. आधी दुखरा. काढताना दुखरा शेवटी. पहिल्या दिवशी हूक सुटला, काठी कपाटाखाली गेली, निकर पंख्याच्या वाऱ्यानं दाराशी. मी रडकुंडीला आले. ती जागची हलली नाही, सुनेलाही हलू दिलं नाही. वीस मिनिटं लागली. कपडा गुडघ्यापर्यंत आला की हात पोचतो, मग वॉकर धरून उभं राहायचं आणि वर ओढायचा. उभी राहिले तेव्हा ब्लाउज घामानं भिजला होता. दुसऱ्या दिवशी चौदा मिनिटं. आठवड्यानं चहा उकळेपर्यंत होऊ लागलं. मी खोलीचं दार आतून लावून घेतलं. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा दाराला कडी.

वॉकरही चार्न्लीच्याच काळातला. १९४९मध्ये विल्यम क्रिब्स रॉब नावाच्या माणसानं त्याच्या पेटंटसाठी ब्रिटनमध्ये अर्ज केला. राहणारा स्ट्रेटफर्डचा, म्हणजे मँचेस्टरला खेटूनच. माझा पाय आणि पायाची काठी एकाच जिल्ह्यातून आल्यासारखी. वॉकरला मी बाजारातली कापडी पिशवी बांधली. कारण वॉकर धरला की दोन्ही हात गुंतले, पाण्याची बाटली न्यायची कशानं?

सुनेचं आणि माझं एकदा वाजलं. खरं तर वाजलं नाही, ती गप्प झाली. मी उठायला लागले की "आई, बसा, मी देते" हे तिच्या तोंडून निघायचंच. त्या मुलीनं तिला सांगितलं, "वहिनी, पाणी त्यांच्या हातात द्यायचं नाही. भांडं ओट्यावर भरून ठेवा, उठून पिऊ देत." सुनेचा चेहरा पडला. पंधरा दिवसांची रजा, रात्रीची जागरणं, आणि वर हे. आपल्याकडे आजाऱ्याची सेवा म्हणजे त्याला हलू न देणं. जो जास्त करतो तो चांगला. माझ्याही सासूच्या आजारपणात मी तेच केलं, त्यांना बशीतला चहासुद्धा ओठाला लावून पाजला आणि शेजारपाजारकडून वाहवा घेतली. सासूबाईंना तो चहा कसा लागत असेल, हे मला परवा कळलं. सुनेला मी हे सांगितलं. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी भांडं ओट्यावर होतं.

पलंगाचा प्रश्न उरला होता. तो गादीसकट पंधरा इंच. सुतार म्हणाला ठोकळे करतो, चार दिवस लागतील. माळ्यावर सासूबाईंचे सागवानी पाट होते, पितळी फुलांचे, आमच्या लग्नातल्या पंगतीसाठी करून घेतलेले. उंची प्रत्येकी साडेतीन इंच, जुने पाट असायचे तसे भक्कम. चार पाय, चार पाट. मुलानं नको नको म्हटलं. मीच म्हटलं, कोण बसणार आहे त्यावर आता? चौथा पाट गणपतीचा, त्याला मी हात लावू दिला नाही, त्या पायाखाली सुतारानं ठोकळाच दिला. बाकीच्या तिन्ही पाटांत त्यानं पटाशीनं उथळ खाचा पाडल्या, पाय सरकू नये म्हणून. मुलीनं टेप लावली. साडेअठरा. तिनं पलंग दोन्ही हातांनी हलवून बघितला आणि मान डोलावली.

"मांडी घालून कधी बसू?" मी तिला शेवटच्या दिवशी विचारलं. ती खोटं बोलली नाही. "मांडी विसरा, बाई."

जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी याच प्रश्नानं अस्वस्थ झाले होते. पाय तुटलेल्या खेडूतांना परदेशी पद्धतीचा कृत्रिम पाय दिला की ते तो घरी जाऊन टाकून देत. त्या पायाला बूट लागे, त्यानं उकिडवं बसता येत नसे, शेतात अनवाणी जाता येत नसे. म्हणून १९६८च्या सुमाराला सेठींनी आणि रामचंद्र शर्मा या कारागिरानं मिळून रबराचा जयपूर फूट केला, जो अनवाणी चालतो आणि मांडीही घालतो. सेठींना १९८१मध्ये मॅगसेसे मिळालं. त्यांनी पाय आपल्या जमिनीसाठी घडवला. माझ्या बाबतीत उलट झालं, खुबा इंग्रजी खुर्चीसाठी घडला होता आणि माझं घर त्याच्या मापानं वर उचलावं लागलं. मी तक्रार करत नाही. पण मंडालेच्या त्या डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न मुंबईच्या पत्रकात असायला हवा होता.

देवघर आता भिंतीवर आहे, माझ्या छातीच्या उंचीला. विळी शेजारच्या मुलीला दिली, तिला नारळ खवायला हवी होती. मी ओट्याशी उभी राहून सुरीनं चिरते, कांदा जाड होतो. आंघोळीला पाटाऐवजी उंच स्टूल, त्यावर बसून तांब्यानं पाणी घेते आणि पाठीला लांब दांड्याचा ब्रश. पायऱ्यांचं सूत्र पाठ झालं आहे, चढताना चांगला, उतरताना दुखरा. खाली कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत एकटी जाऊन येते. सिग्नल अजून पुरत नाही, पण आता पिवळा पडेपर्यंत दुभाजक येतो.

तीन महिने पुरे झाले आणि गणपती आले. पाट काढला, पुसला, टेबलावर ठेवला, त्यावर मूर्ती. आमच्या घरी पहिल्यांदाच गणपती इतका वर बसला. मी समोर खुर्ची घेतली, अठरा इंचांची, हँडलवाली. जरा अवघडल्यासारखं झालं होतं. गुरुजी काय म्हणतील? पस्तीस वर्षं हेच गुरुजी येताहेत, दर वेळी खाली आसन मांडून, दीड तास मांडी न मोडता.

गुरुजी आले. टेबल बघितलं, माझी खुर्ची बघितली. सुनेनं खाली अंथरलेलं आसनही बघितलं. मग उपरणं सारखं करत हळूच मला म्हणाले, "बाई, अशी आणखी एक खुर्ची आहे का हो?"